ताळा जुळतो का? एआयबद्दल वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांत बहुतेकांनी एकच विचारलंय: मशीन सांगतं ते खरं धरायचं का? शाळेत गुरुजी गणित सुटल्यावर ताळा करायला लावायचे. तीच सवय इथंही हवी, पण प्रत्येक कामाचा ताळा वेगळा असतो. म्हणून उत्तरं जरा लांबली आहेत.

माझी लातूरला डाळमिल आहे. जुनं सॉर्टेक्स (डाळ निवडायचं मशीन) रंगावर चालतं. आता एक विक्रेता एआयचं नवीन मशीन दाखवतोय, "९९ टक्के अचूक" म्हणतोय. घ्यावं का?

आधी त्याला विचारा, ९९ टक्के कशाचे? तुमच्या मालात शंभर दाण्यांमागं एकच दाणा डागी असेल आणि मशीननं काहीच न करता सगळा माल पुढं सोडला, तरी शंभरातले नव्व्याण्णव दाणे बरोबरच गेले. म्हणजे बंद पडलेलं मशीनही ९९ टक्के अचूक! तुम्हाला दोन वेगळे आकडे हवेत. खराब दाण्यांपैकी किती पकडले, आणि चांगले किती फुकट फेकले.

चाचणी तुमच्याच मालावर घ्या. विक्रेत्याच्या शोरूममधली डाळ नको. हातानं निवडलेली २० किलो स्वच्छ डाळ घ्या आणि तीत साल राहिलेली, डागी, किडकी मिळून २०० ग्रॅम मिसळा. मशीन रोजच्या वेगानं चालवा, संथ नको. मग रिजेक्शनचं, म्हणजे मशीननं बाहेर काढलेल्या मालाचं पोतं ताटात ओतून पुन्हा हातानं निवडा आणि तोला. समजा रिजेक्शन ४८० ग्रॅम निघालं, त्यात खराब १८० आणि चांगली डाळ ३००. म्हणजे पकड ९० टक्के आणि चांगल्या मालातली दीड टक्का डाळ बाहेर. दिवसाला १०० क्विंटल माल फिरत असेल तर रोज दीड क्विंटल चांगली डाळ रिजेक्शनच्या भावात जाणार. हिशेब या दीड क्विंटलचा मांडा, मशीनची किंमत त्याच्या शेजारी ठेवा. रिजेक्शन दुसऱ्यांदा फिरवायची सोय आहे का, तेही बघा. असेल तर या दीड क्विंटलमधली बरीच डाळ परत येते.

चांगली डाळ बाहेर का जाते? खराब दाणा हवेनं उडवणाऱ्या इजेक्टरचा झोत एका दाण्याएवढा बारीक नसतो. वरच्या हॉपरमधून माल जास्त सोडला की च्यूटवर, म्हणजे खालच्या घसरणीवर, दाणे एकमेकांना चिकटून उतरतात आणि डागी दाण्यासोबत शेजारचे दोनही उडतात. हंगामात घाई असते, माल पुढं ढकलणारा व्हायब्रेटर वाढवला जातो आणि दोष एआयवर येतो. दुसरं कारण काचेवरचं पीठ. डाळीची भुकटी कॅमेऱ्यासमोरच्या काचेवर बसते, कॅमेऱ्याला सगळाच माल मळका दिसतो. वायपर असला तरी पाळी संपली की मऊ कोरड्या फडक्यानं काच पुसायची. तिसरं कारण कॉम्प्रेसरच्या हवेतलं पाणी आणि तेल. ते हवा सोडणाऱ्या नोझलमध्ये बसलं की झोत उशिरा सुटतो आणि तोवर डागी दाणा पुढं निघून गेलेला असतो. एअर ड्रायर आणि फिल्टर नसेल तर एआयवर पैसे घालू नका, आधी ड्रायर बसवा.

आता एआय खरंच कुठं उपयोगी पडतं ते. जुनं मशीन रंगाचा उंबरठा बघतं. नव्याला नमुने दाखवून शिकवता येतं, आकारही शिकवता येतो. लाखेची डाळ तुरीच्या डाळीत मिसळली तर रंगावर ती ओळखू येत नाही. तिच्या कडा मात्र कोनदार, पाचरीसारख्या असतात. आकार शिकलेलं मशीन ती पकडू शकतं, अट इतकीच की शिकवताना तिचे नमुने दाखवलेले असावेत. (भेसळ आहे की नाही याचा अंतिम निकाल प्रयोगशाळेचाच.) शिकवायचा माल सगळ्या तऱ्हेचा घ्या. बदनापूरच्या संशोधन केंद्राचा बीडीएन ७११ हा वाण पांढऱ्या तुरीचा आहे, तर बीएसएमआर ७३६ लाल तुरीचा. डाळ दोन्हींची पिवळीच, पण राहिलेली लाल साल पिवळ्यावर ठळक दिसते आणि पांढरी साल लपते. लाल तुरीवर शिकवलेलं मशीन पांढऱ्या तुरीवर चुकणार. आफ्रिकेची तूर भरडत असाल तर तिचे नमुने तिसरे. नवीन माल आला की पुन्हा शिकवायला कंपनीचा माणूस लागतो की तुमचा ऑपरेटर स्वतः शिकवू शकतो, हे कागदावर लिहून घ्या. आमच्या मते खरेदीचा निर्णय या एका मुद्द्यावर व्हावा.

मी हिंगोली जिल्ह्यात आशा सेविका आहे. गावात टीबीचं शिबिर झालं. हातात धरायच्या एक्स-रे मशीननं आणि एआयनं तिघांना संशयित ठरवलं, पण तिघांचाही बेडका निगेटिव्ह आला. आता लोक म्हणतात मशीन खोटं आहे, पुढच्या शिबिराला येणार नाही. काय सांगू?

ताई, मशीन खोटं बोललं नाही, पण त्यानं "टीबी आहे" असंही म्हटलं नव्हतं. शिबिरातच हा फरक बोलला गेला असता तर लोक बिथरले नसते. एआय छातीच्या फोटोला एक गुण देतं. गुण ठरलेल्या रेषेच्या वर गेला की "पुढची तपासणी करा" एवढाच निरोप. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये १५ वर्षं आणि त्यावरच्या वयासाठी अशा वाचनाला मान्यता दिली ती चाळणी म्हणून. लहान लेकरांचा फोटो या यंत्रावर वाचायचा नाही.

लोकांना हा हिशेब पारावर बसून सांगा. समजा हजार माणसं तपासली, त्यांतल्या दहांना खरोखर टीबी आहे. यंत्र दहांतले नऊ पकडतं, एक सुटतो. उरलेल्या ९९० मधल्या दर दहांत एकाला ते उगाच संशयित ठरवतं, म्हणजे ९९ जण. एकूण संशयित १०८, त्यांत खरे ९. बारा संशयितांमागं एक रुग्ण! तुमच्या तिघांचा निगेटिव्ह येणं यात अगदी बसतं. वर डाळमिलचं उत्तर आहे, तोच न्याय इथंही आहे: पकड वाढवायला रेषा खाली आणली की चांगलेही जास्त बाहेर पडतात. फरक एवढाच की डाळीत चांगला माल गेला तर नुकसान होतं, आणि इथं चांगल्या माणसाला फक्त एका डबीत बेडका द्यावा लागतो. सुटलेला एक रुग्ण मात्र घरभर आजार पसरवतो. म्हणून इथं रेषा खालीच हवी.

उगाच संशयित ठरणारे कोण? ज्यांना पूर्वी टीबी होऊन बरा झालाय त्यांच्या फुफ्फुसावर व्रण राहतो, यंत्राला तो नवा वाटू शकतो. खडी क्रशरवर वर्षानुवर्षं काम केलेल्यांच्या छातीत दगडाची धूळ बसलेली असते. म्हणून फोटोच्या आधी दोन गोष्टी विचारून फॉर्मवर लिहा: टीबीची औषधं कधी घेतली होती का, आणि काम काय करतात.

काही चुका फोटो काढतानाच्या असतात आणि त्या तुमच्या हातातल्या आहेत. बायकांची वेणी पुढं खांद्यावर आलेली असते. तेल लावलेल्या घट्ट वेणीची सावली बरोबर फुफ्फुसाच्या वरच्या टोकावर पडते, आणि मोठ्यांचा टीबी बहुतेकदा तिथंच असतो. वेणी वर बांधून पिन लावायची, तीही धातूची नको. मंगळसूत्र, गळ्यातला ताईत, ब्लाउजचे हूक बाजूला. आडोसा आणि गाउन असेल तरच बाया हे करतील, तेव्हा शिबिराच्या यादीत गाउन लिहून मागा. हनुवटी वर, खांदे पुढं, खोल श्वास घेऊन रोखायचा. अर्ध्या श्वासावरचा फोटो खालच्या बाजूला पांढुरका दिसतो. दिवस गेलेले असतील तर आधी सांगायला लावा.

आता बेडक्याबद्दल, कारण निगेटिव्ह कधी कधी डबीतच ठरतो. डबीत थुंकी असेल तर टीबीचे जंतू शोधणारी तपासणी ट्रूनॅट असो की सीबीनॅट, तिला सापडणार काय? साध्या पाण्यानं चूळ भरायची, दोन-तीनदा खोल श्वास घ्यायचा, मग छातीतून खोकून काढायचं. २ ते ५ मिलिलिटर, घट्ट, चिकट. दोन नमुने, त्यांतला एक पहाटे उठल्या-उठल्याचा. उघड्यावर, माणसांपासून लांब. झाकण घट्ट लावून डबी त्याच दिवशी पोहोचवायची, उन्हात गाडीच्या डिकीत ठेवायची नाही.

तिघांचे फोटो डॉक्टरांना दाखवायला सांगा. लक्षणं चालू असतील तर नमुना पुन्हा द्यायचा. आणि हे सगळ्यांत महत्त्वाचं: ज्याचा फोटो स्वच्छ आला पण खोकला दोन आठवड्यांवर गेलाय, संध्याकाळी ताप येतोय, रात्री घाम सुटतोय, वजन उतरतंय, त्याचा बेडका एआयनं काहीही म्हटलं तरी तपासायचाच. गाठीचा किंवा मणक्याचा टीबी छातीच्या फोटोत दिसेलच असं नाही. टीबी ठरल्यावर औषधं मोफत आहेत. पोषणासाठी नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १००० रुपये खात्यावर जमा होतात, पूर्वी ५०० होते. खातं आधारला जोडलेलं आहे का ते उपचार सुरू होतानाच बघा, नाहीतर पैसे अडकतात. सरकारच्या टीबी मदतीचा (निक्षय) मोफत क्रमांक १८००-११-६६६६.

शुगरच्या शिबिरात वडिलांच्या डोळ्याचा फोटो काढला. एआयच्या रिपोर्टवर "फोटो वाचण्यायोग्य नाही" असं आलं. म्हणजे काही दोष नाही असंच ना? (जालना)

नाही. यंत्राला डोळा नीट दिसलाच नाही, असा त्याचा अर्थ. बाहुली लहान असेल किंवा मोतीबिंदू असेल तर पडद्याचा फोटो धूसर येतो, आणि मोतीबिंदू हा स्वतःच दाखवायचा आजार आहे. गुगलनं थायलंडच्या दवाखान्यांत असंच यंत्र लावलं तेव्हा पहिल्या सहा महिन्यांत १८३८ फोटोंपैकी २१ टक्के यंत्रानं नाकारले होते. एक मोठं कारण होतं खोलीतला उजेड. अंधाऱ्या खोलीत पाच-दहा मिनिटं बसवून पुन्हा फोटो काढता येतो. तरी जमलं नाही तर नेत्रतज्ज्ञ थेंब टाकून बाहुली मोठी करून बघतात. थेंबानंतर चार-सहा तास धूसर दिसतं, उजेड सोसत नाही, म्हणून वडिलांना एकट्यानं मोटारसायकलवर पाठवू नका. शुगर असलेल्यानं पडदा वर्षातून एकदा तपासायचाच. पडदा खराब होताना डोळा दुखत नाही, आणि बरेच दिवस नजरही चांगली राहते.

आमचा बचत गट तुळजापूर तालुक्यात आहे. मी सचिव आहे. बैठकीचं बोलणं मोबाइलमध्ये रेकॉर्ड करून एआयकडून इतिवृत्त आणि हिशेब लिहून घेते. वेळ वाचतो, पण आकडे चुकतात. आम्ही मराठी नीट बोलत नाही का?

ताई, बोलणं तुमचं बरोबर आहे, यंत्र शिकलंय ते छापील मराठी. "पावणेदोनशे" म्हणजे १७५, "सव्वाशे" १२५, "दीड हजार" १५००, हे आपल्याला न सांगता कळतं, पण यंत्र "पावणे" गाळून दोनशे लिहून मोकळं होऊ शकतं. एकोणऐंशी आणि एकोणनव्वदमध्येही घोळ होतो. "हप्ता भरायल्यात" म्हणजे भरत आहेत. त्याचं नुसतं "भरायला" झालं तर पैसे भरले की भरायचे आहेत, हेच कळत नाही. "परवा" तर आपण मागच्या आणि पुढच्या दोन्ही दिवसांसाठी म्हणतो. बेस्तरवारी बैठक म्हटलं तर गुरुवार लिहिला जाईलच असं नाही. उपाय सोपा आहे: गप्पा जशा चालतात तशा चालू द्या, पण प्रत्येक व्यवहारानंतर सचिवानं एक वाक्य संथपणे रेकॉर्ड करायचं. "सदस्य सात. बचत. एक, सात, पाच. एकशे पंचाहत्तर रुपये. तारीख बारा." आकडा सुटा आणि जोडून, दोन्ही तऱ्हांनी. दोन्ही जुळले नाहीत की चूक डोळ्यांत भरते.

वहीचा फोटो काढून वाचून घेत असाल तर हातानं लिहिलेल्या १ आणि ९ वर बारीक नजर ठेवा. रकमेपुढं आपण जी तिरकी रेघ ओढतो ती १ म्हणून वाचली जाऊ शकते, ५०० चे ५००१ होतात. रेघ सोडून द्या.

हिशेबाचा मुद्दा वेगळा. एआय भाषा जुळवतं, पुढचा शब्द कोणता येईल याचा अंदाज बांधतं. हिशेबही ते कित्येकदा तसाच "लिहितं". व्याजात तर पद्धतच चुकते. दहा हजारांचं कर्ज, शेकडा एक रुपया महिना, दरमहा हजाराची परतफेड. गट शिल्लक मुद्दलावर व्याज घेतो: पहिल्या महिन्याला १००, मग ९०, ८०, असं शेवटी १०. एकूण ५५०. नुसतं "दहा महिन्यांचं व्याज काढ" म्हटलं तर पूर्ण दहा हजारांवर दहा महिने धरून १००० हे उत्तर येऊ शकतं. एका बाईचे ४५० रुपये जास्त! म्हणून असं सांगा: "शिल्लक मुद्दलावर व्याज काढ. दर महिन्याची वेगळी ओळ लिही. ओळीत आधीचं मुद्दल, व्याज, हप्ता आणि उरलेलं मुद्दल दाखव." शेवटच्या ओळीत उरलेलं मुद्दल शून्य यायला हवं. त्यातल्या कुठल्याही दोन ओळी कॅल्क्युलेटरवर करून बघा.

ताळा दोन ठिकाणी करायचा. तक्त्याची उभी बेरीज आणि आडवी बेरीज एकच आली पाहिजे. आणि आरंभीची शिल्लक अधिक जमा वजा खर्च ही रक्कम पेटीतले पैसे आणि बँकेचं पासबुक मिळून जुळली पाहिजे. पेटी सगळ्यांसमोर मोजा, मगच इतिवृत्तावर सह्या घ्या. सह्या छापील प्रतीवर नकोत, वहीवरच. यंत्रातून आलेला मजकूर वहीत हातानं उतरवताना निम्म्या चुका तिथंच सापडतात.

आधार, पासबुकाचे फोटो, कुणाच्या घरच्या अडचणीचं बोलणं यंत्राला देऊ नका. नावाऐवजी सदस्य क्रमांक बोला. रेकॉर्डिंग करण्याआधी ठराव घ्या: कोण करणार, किती दिवस ठेवणार, कधी पुसणार. एकीनंही नको म्हटलं तर तिचं बोलणं होईपर्यंत रेकॉर्डिंग बंद ठेवा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंही संमतीलाच मोल दिलंय, पण कायदा नसता तरी गटात हे पाळायलाच हवं होतं.

आईला पुण्यातल्या भाच्याच्या आवाजात फोन आला, "मावशी, ॲक्सिडेंट झालाय, पैसे पाठव." आवाज हुबेहूब होता. असं कसं ओळखायचं? (परभणी)

आवाजावरून ओळखता येत नाही. थोड्याशा रेकॉर्डिंगवरून नकली आवाज बनतो, म्हणून कान लावून बसण्यात अर्थ नाही. फोन कट करा आणि भाच्याचा जो नंबर आधीपासून आपल्याकडे आहे त्यावर स्वतः लावा. लागला नाही तर त्याच्या घरच्यांना, रूमवरच्या मित्राला लावा. घरात एक खुणेचा शब्द ठरवून ठेवा, तो कुठं लिहायचा नाही, मेसेजमध्येही नाही. पैसे गेलेच तर वाट न बघता १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा. व्यवहाराचा बारा अंकी यूपीआय क्रमांक, वेळ, रक्कम आणि ज्या खात्यावर गेले ते हाताशी ठेवा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता आले तरच परत मिळायची आशा असते, म्हणून इथं मिनिटं मोजायची. शेजारी-पाजारी काय म्हणतील म्हणून आई सकाळपर्यंत गप्प बसली, असं होऊ देऊ नका.

आमच्या ग्रामपंचायतीला (बीड जिल्हा) एका कंपनीनं एआयवर चालणाऱ्या गळतीशोधक यंत्रणेचा प्रस्ताव दिलाय. पाणी पुरत नाही हे खरं. घ्यावी का?

आत्ता नको. आधी दोन रात्री द्या. गळती आहे का आणि टाकीत आहे की लाइनमध्ये, एवढं वही-पेन्सिलवर कळतं.

जलकुंभाचा आतला व्यास मोजलेला असेलच. समजा तो ६ मीटर आहे. मग पाण्याची पातळी १ सेंटिमीटर उतरली म्हणजे साधारण २८३ लिटर गेले. पहिल्या दिवशी संध्याकाळी ७ वाजता भरायचा आणि सोडायचा, दोन्ही व्हॉल्व्ह बंद करा. बाहेरच्या फ्लोटच्या पट्टीवरची पातळी लिहा. सकाळी ६ ला पुन्हा लिहा. अंधारात शिडीनं वर कुणालाही चढवू नका. समजा पातळी २ सेंटिमीटर उतरली, तर तेवढं टाकीतून किंवा व्हॉल्व्हमधून जातंय. दुसऱ्या रात्री सोडायचा मुख्य व्हॉल्व्ह उघडा ठेवा, पण वस्त्यांचे सगळे व्हॉल्व्ह बंद. आता २० सेंटिमीटर उतरली, तर जास्तीचे १८ मुख्य लाइनचे. म्हणजे ११ तासांत ५०९४ लिटर, तासाला साधारण ४६३. लाइन दिवसभर भरलेली राहत असेल तर चोवीस तासांत ११ हजारांवर. जलजीवन मिशनचं माणशी माप दिवसाला ५५ लिटर आहे, त्या मापानं ही दोनशे माणसांची पाण्याची सोय आहे.

मग वस्त्यांचा एकेक व्हॉल्व्ह एकेका रात्री उघडून तेच करा. उन्हाळ्यात लाइनच्या कडेला हिरवं गवत दिसलं, चेंबरमध्ये कायम ओल दिसली, तर तिथं खोदा. बऱ्याचदा सांधा किंवा घरगुती जोडणीचा सॅडल (मुख्य पाइपवरची पकड) सुटलेला असतो.

गळती बुजवल्यावरही पाणी कमी पडत असेल तर मोजणी कायमची करायला सेन्सर लावा. तेव्हा कंपनीला हे विचारा. टाकीच्या झाकणाखाली बसवलेल्या अल्ट्रासॉनिक सेन्सरच्या तोंडावर वाफेचे थेंब जमतात आणि तो टाकी भरलेली दाखवतो, यावर उपाय काय? भरायच्या पाइपची धार सेन्सरखाली तर पडत नाही ना? लाइट आणि नेटवर्क गेल्यावर आकडे साठवले जातात का? आणि एआयला तुमच्या गावाची रीत शिकायला निदान एका वर्षाचे आकडे लागतात, कारण चैत्रातला वापर आणि पोळ्याच्या दिवसांतला वापर सारखा नसतो. हे वर्ष भरेपर्यंत येणाऱ्या खोट्या इशाऱ्यांना रात्री कोण धावणार, दुरुस्तीचा वार्षिक खर्च किती, आणि करार संपला तर आकडे ग्रामपंचायतीकडे राहतात की कंपनीकडे, हे ग्रामसभेपुढं वाचून दाखवा. यंत्रणा बसली की जुनी, माहीत असलेली एक गळती मुद्दाम चालू ठेवा. यंत्रणेनं ती शोधून दाखवली तरच पहिला हप्ता द्या.